धुराची साक्ष

माणसाच्या हातातील कागद एक सांगतो आणि त्याच्या हातून प्रत्यक्ष घडणारी गोष्ट दुसरेच सांगते, तेव्हा अल्लाहच्या दरबारात कोणाची साक्ष ग्राह्य धरली जाईल? हा प्रश्न ऐकताच प्रत्येक ईमानधारक क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देईल की, तेथे कागद चालत नाही, कर्म चालते. परंतु हेच उत्तर रोजच्या व्यवहारात उतरवण्याची वेळ येते तेव्हा आपली पावले अडखळतात. म्हणून हा प्रश्न आपण एका अगदी साध्या, रोजीरोटीच्या गोष्टीच्या आधारे तपासून पाहू. ती गोष्ट म्हणजे जुना ट्रक आणि त्याची धुराची तपासणी, म्हणजेच पीयूसी.

हा विषय आपल्या घरांपासून दूरचा नाही. भिवंडी, मालेगाव, कुर्ला, कळंबोली अशा ठिकाणी ट्रक चालवणारे, ट्रकची मालकी असणारे, गॅरेज चालवणारे, नोझल आणि पंपाचे काम करणारे असंख्य बांधव आहेत. त्यांच्या मुलांची फी, घराचे भाडे, आईवडिलांचे औषधपाणी याच चाकांवर अवलंबून असते. त्यामुळे पीयूसी हा त्यांच्या दृष्टीने केवळ एक सरकारी कागद नसून चूल पेटण्या-न पेटण्याचा प्रश्न असतो. त्या कागदाविना पासिंगचे काम रखडते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार प्रदूषणाच्या मानकांचा भंग करून गाडी चालवल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा वेळी मनुष्य 'काहीही करून पास झाले पाहिजे' असे म्हणतो. या वाक्यातील 'काहीही करून' हे दोन शब्द आपल्या विचाराचा विषय आहेत.

प्रथम ही तपासणी असते तरी कशी, हे पाहू. डिझेलच्या गाडीची तपासणी उभ्या जागी होते. इंजिन नीट तापलेले असावे लागते. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबला जातो आणि इंजिनाला शेवटपर्यंत रेस दिली जाते. सायलेन्सरमध्ये घातलेल्या नळीतून धूर स्मोकमीटरमध्ये येतो. यंत्रात एका बाजूने प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. धुराने त्यातील किती प्रकाश अडवला, हे यंत्र मोजते. अशी रेस अनेकदा देऊन सरासरी काढतात. भारत स्टेज चारच्या आधीच्या डिझेल गाड्यांसाठी ही मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे आणि भारत स्टेज चारच्या गाड्यांसाठी ५०. जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी हा दाखला नव्याने घ्यावा लागतो.

आता काळा धूर येतो कशामुळे? डिझेल जाळण्यास जितकी हवा लागते तितकी मिळाली नाही, की अर्धवट जळालेल्या कार्बनची काजळी बाहेर पडते. एअर फिल्टर धुळीने गच्च झालेला असतो. नोझल झिजल्यामुळे डिझेलचा बारीक फवारा न उडता थेंब पडतात. पंपाचे टायमिंग हललेले असते. टर्बोची नळी कोठेतरी फाटलेली असते. किंवा चढावर जोर मिळावा म्हणून कोणी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेलचे प्रमाण वाढवून ठेवलेले असते. धूर निळसर असेल, तर रिंगा झिजून ऑइल जळत आहे, असे कोणताही जाणता मिस्त्री सांगेल. म्हणजे धूर हा इंजिनाच्या प्रकृतीचा खरा जबाब असतो. तो मालकाची परिस्थिती पाहून रंग बदलत नाही.

या जबाबाला सामोरे जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग दुरुस्तीचा. फिल्टर बदलावा, नोझल उतरवून तपासून घ्यावेत, पंप जाणकाराकडून बेंचवर लावून घ्यावा, टॅपेट आणि टायमिंग पाहावे, गळती बंद करावी. जुन्या इंजिनाचे कॉम्प्रेशन शाबूत असेल, तर एवढ्याने बहुतेक वेळा धूर मर्यादेत येतो, आणि वर डिझेलचीही बचत होते. दुसरा मार्ग केवळ तपासणीपुरता. तपासणीच्या सकाळी पंपाचा स्क्रू आत घेऊन डिझेल कमी करावे, यंत्रापुढे गाडी शांत उभी करावी, दाखला घ्यावा आणि संध्याकाळी माल भरण्यापूर्वी स्क्रू पुन्हा बाहेर काढावा. याहून सोपा प्रकार म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचाच नाही, किंवा गाडी न नेताच चार पैसे जास्त देऊन कागद आणायचा.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. तपासणीपूर्वी केलेली प्रत्येक तयारी लबाडी नसते. इंजिन तापवून नेणे ही तर तपासणीचीच अट आहे. थंड इंजिन अधिक धूर टाकते आणि सायलेन्सरमध्ये साचलेली जुनी काजळी पहिल्या रेसमध्ये बाहेर येते. म्हणून दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून मग केंद्रावर नेली, तर त्यात दोष नाही. आदल्या दिवशी नवा फिल्टर बसवला तर त्यातही दोष नाही, कारण तो फिल्टर दुसऱ्या दिवशीही गाडीतच राहणार आहे. तयारी आणि फसवणूक यांतील सीमारेषा ओळखण्याची कसोटी एकच आहे. आज यंत्रापुढे जी गाडी उभी आहे, तीच उद्या रस्त्यावर धावणार आहे काय? उत्तर होकारार्थी असेल तर मनुष्याने गाडी सुधारली. नकारार्थी असेल तर त्याने केवळ यंत्राचे डोळे झाकले.

यावर स्क्रू फिरवणारा म्हणतो की, "यात खोटे कोठे आहे? त्या क्षणी गाडीने खरोखरच कमी धूर सोडला. यंत्राने खरा आकडा दाखवला. मी तोंडाने एक शब्दही असत्य बोललो नाही." युक्तिवाद चतुर आहे. परंतु त्याचे उत्तर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील एका प्रसंगात चौदाशे वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. सहीह मुस्लिममध्ये आलेल्या या हदीसनुसार, बाजारातून जात असताना प्रेषितांनी (स.) धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरचे दाणे कोरडे होते, पण बोटांना आतली ओल लागली. विक्रेत्याने पावसाने भिजल्याचे कारण सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की, मग ती ओल लोकांना दिसेल अशी वर का ठेवली नाहीस? आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे स्पष्ट बजावले. या प्रसंगाचा बारकाईने विचार करावा. त्या विक्रेत्याने तोंडाने काही खोटे सांगितले नव्हते. वरचे दाणे खरोखरच कोरडे होते. पाऊस पडणे हा त्याचा गुन्हाही नव्हता. तरीही ती फसवणूक ठरली, कारण जे दाखवले ते मुद्दाम निवडून दाखवले गेले, आणि पाहणाऱ्याने त्यावरून पूर्ण ढिगाविषयी चुकीचे मत बनवावे, अशी ती मांडणी होती. तपासणीच्या सकाळी आत घेतलेला स्क्रू म्हणजे ढिगावर पसरलेले कोरडे दाणे होत.

ही वृत्ती केवळ गरीब ट्रकमालकाचीच असते, असे कोणी समजू नये. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगन या जगप्रसिद्ध कंपनीचे बिंग फोडले. तिच्या डिझेल मोटारींमध्ये अशी संगणक प्रणाली बसवलेली होती की, तपासणी चालू आहे हे गाडीला स्वतःलाच ओळखू येई आणि तेवढ्यापुरती ती स्वच्छ होई. रस्त्यावर आल्यावर काही मोटारी नायट्रोजनचे घातक वायू मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत सोडत असत. जगभरातील सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ही प्रणाली असल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. उच्चशिक्षित अभियंत्यांनी कोट्यवधींच्या प्रयोगशाळेत जे केले, तेच गॅरेजमध्ये एका स्क्रूने केले जाते. साधने निराळी, पण मनाचा रोग एकच.

सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभी अल्लाहने अशा लोकांचा विनाश सांगितला आहे, जे घेताना माप पूर्ण भरून घेतात आणि देताना मात्र घट करतात. याचा अर्थ केवळ तराजूपुरता नाही. आपला ट्रकमालक डिझेल भरताना पंपावरचा काटा शून्यावर आला आहे की नाही, हे खाली उतरून डोळ्यांनी पाहतो. वजनकाट्यावर आपल्या मालाचे वजन किलोभर जास्त दाखवले तर तो हुज्जत घालतो. आपल्या मुलाच्या रक्ताची तपासणी करणारे यंत्र अचूक असावे, अशी त्याची अपेक्षा असते. जी सर्व मापे त्याच्या बाजूची, ती खरी हवीत. फक्त एकच माप त्याला खोटे हवे असते, ते म्हणजे लोकांच्या श्वासाचे. स्मोकमीटर हाही तराजूच आहे. त्याच्या एका पारड्यात ट्रकमालकाचा कागद असतो आणि दुसऱ्या पारड्यात रस्त्याकडेच्या माणसाची हवा.

यात तपासणी केंद्रावरच्या माणसाची जबाबदारी तितकीच भारी आहे. तो सही करतो, म्हणजे साक्ष देतो. खोट्या साक्षीची गणना प्रेषितांनी (स.) मोठ्या पापांत केली आहे, आणि लाच देणारा व घेणारा या दोघांनाही धिक्कारले आहे. गाडी न पाहता दिलेल्या दाखल्यात ही दोन्ही पापे एकत्र येतात. काही जण म्हणतात की, आपला हक्क मिळवण्यासाठी नाइलाजाने पैसे द्यावे लागले तर काय करावे? हक्काच्या बाबतीत विद्वानांनी या प्रश्नाची चर्चा जरूर केली आहे. परंतु धूर ओकणाऱ्या गाडीला स्वच्छतेचा दाखला मिळणे हा हक्कच नव्हे. जे आपले नाही, ते विकत घेण्याला नाइलाजाचे नाव देता येत नाही.

आता या विषयातील सर्वांत गंभीर बाजूकडे वळू. इस्लामच्या शिकवणुकीत अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क, असे दोन भाग आहेत. अल्लाह अत्यंत क्षमाशील आहे. त्याच्या हक्कांत झालेली कसूर खऱ्या पश्चात्तापाने तो माफ करील, अशी आशा बाळगता येते. परंतु बंद्याचा हक्क मारला असेल, तर ज्याचा हक्क मारला त्याच्याकडे जाऊन तो परत करावा लागतो किंवा त्याची माफी मागावी लागते. कोणाचे शंभर रुपये बुडवले असतील तर माणूस ते घेऊन त्याच्या दारी जाऊ शकतो. धुराच्या बाबतीत कोणाच्या दारी जाणार? बोरघाट चढताना माल भरलेल्या ट्रकने सोडलेला काळा लोट कोणकोणाच्या छातीत गेला, याची यादी कोणाजवळ आहे? मागून मोटारसायकलवर येणारा तरुण, टोलनाक्यावर बारा तास उभा राहणारा कामगार, रस्त्याला लागून असलेल्या खोलीत पाळण्यात झोपलेले मूल, यांची नावे चालकाला ठाऊक नाहीत, आणि त्यांनाही चालकाचे नाव ठाऊक नाही. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर करून त्याला पहिल्या वर्गात टाकले आहे. त्यातील सूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तुलनेत कित्येक पटींनी बारीक असतात आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. ज्याला इजा झाली त्याला ती आज कळतही नाही.

प्रेषितांनी (स.) एकदा सहाबांना विचारले की, दिवाळखोर कोण? मग स्वतःच सांगितले की, माझ्या उम्मतमधील दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, परंतु त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल, कोणाला मारलेले असेल. त्याची पुण्ये एकेका पीडिताला वाटली जातील आणि ती संपली तर पीडितांची पापे त्याच्या माथी टाकली जातील. ही हदीस आपण अनेकदा ऐकतो. परंतु त्या दिवशी दावा घेऊन येणाऱ्यांत असेही लोक असतील ज्यांना आपण जन्मात कधी पाहिले नाही, हा विचार आपल्या मनाला शिवत नाही. ज्या हक्काची परतफेड करता येत नाही, ज्याची माफी मागायला माणूस सापडत नाही, त्या हक्काच्या बाबतीत एकच मार्ग उरतो. तो हक्क मुळात मारलाच जाऊ नये, याची आधीच काळजी घेणे. म्हणूनच धुराचा प्रश्न पैशाच्या व्यवहाराहून अधिक नाजूक आहे.

धुराचा प्रश्न आधुनिक आहे, शरीअतचा त्याच्याशी काय संबंध, असेही कोणी म्हणेल. वस्तुस्थिती वेगळी आहे. स्वतः हानी सोसू नये आणि दुसऱ्याला पोहोचवू नये, या आशयाच्या हदीसवर फुकहांनी नियमांची मोठी इमारत उभी केली. हनफी फिकहच्या आधारे १८६९ ते १८७६ या काळात उस्मानी राज्यात तयार झालेल्या 'मजल्ला' या संहितेत हे नियम कलमवार आले आहेत. तिच्या १२०० व्या कलमात शेजाऱ्याला होणारी मोठी हानी दूर केलीच पाहिजे, असे सांगताना भट्टीच्या धुराचे उदाहरण दिले आहे. धुरामुळे शेजाऱ्याला घरात राहणे अशक्य होत असेल, तर भट्टी स्वतःच्या मालकीच्या जागेत आहे ही सबब पुरत नाही. ट्रक ही चाकांवर फिरणारी भट्टीच आहे. फरक इतकाच की, तिचा शेजारी दर मिनिटाला बदलतो.

येथे गरीब मालकाची बाजू न्यायाने ऐकली पाहिजे. तो म्हणतो, "नोझल आणि पंपाचे काम करायचे तर महिन्याची कमाई जाते. भाडे देणारा व्यापारी दर पाडतो आणि वर ओव्हरलोड भरायला लावतो. मोठे कारखाने दिवसरात्र धूर सोडतात, त्यांना कोणी विचारत नाही. मग भार माझ्याच माथी का?" या तक्रारीत तथ्य आहे. दुर्बलावरच कायद्याचा हात पडावा आणि सबळ निसटावा, हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोलणे हे ईमानधारकाचे कर्तव्य आहे. परंतु दुसऱ्याच्या जुलमाने आपला जुलूम हलाल होत नाही. त्याच संहितेत एक नियम असा आहे की, हानीचे निवारण तशाच हानीने करता येत नाही, आणि दुसरा असा की, सार्वजनिक हानी टाळण्यासाठी व्यक्तिगत हानी सोसावी लागते. रस्त्याकडेच्या झोपडीतील मूल हे या ट्रकमालकाहूनही गरीब आहे. व्यापाऱ्याने मालकावर टाकलेला भार मालकाने त्या मुलाच्या छातीवर सरकवावा, हा न्याय नव्हे.

मात्र हा भार एकट्या मालकाने वाहावा, असेही धर्म सांगत नाही. जो व्यापारी क्षमतेहून जास्त माल भरायला लावतो, तो घाटात निघणाऱ्या धुराचा भागीदार आहे, मग त्याच्या हातात स्टिअरिंग नसेना का. ज्या जमाती बिनव्याजी कर्जाचे बैतुलमाल चालवतात, त्यांनी लग्न आणि आजारपणाबरोबरच अशा दुरुस्तीसाठीही कर्जे हसना देण्याचा विचार करावा. नोझलचा संच बदलून देणे हे एखाद्याची हलाल रोजी वाचवणे आहे आणि हजारो अनोळखी लोकांच्या श्वासावर उपकार करणे आहे. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हे ईमानच्या शाखांपैकी एक आहे, हे आपण मुलांना शिकवतो. दगड आणि काटे उचलणे जर ईमानची शाखा असेल, तर धूर उचलणे हीदेखील तीच शाखा होय.

कधी अशीही वेळ येते की, इंजिन पार झिजलेले असते आणि कोणतीही दुरुस्ती पुरत नाही. तेव्हा अनेक जण तो ट्रक जेथे तपासणी कडक नाही अशा दूरच्या तालुक्यात विकून मोकळे होतात. ही हानी दूर करणे नसून तिचा पत्ता बदलणे आहे. विकायचाच असेल तर दोष सांगून विकावा. खरे बोलणाऱ्या आणि दोष न लपवणाऱ्या विक्रेत्या-ग्राहकांच्या सौद्यात बरकत असते, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. अन्यथा इंजिन बदलावे, किंवा २०२१ च्या नियमांनुसार नोंदणी झालेल्या मोडीत काढण्याच्या केंद्राकडे गाडी द्यावी. तेथील प्रमाणपत्रावर नव्या वाहनासाठी काही सवलत मिळू शकते.

शेवटी एक गोष्ट उरते. समजा, मालकाने प्रामाणिक दुरुस्ती केली आणि गाडी पास झाली. आता त्याचे कर्तव्य संपले काय? ही तपासणी रिकाम्या, उभ्या गाडीची असते. ती फक्त धुराची घनता मोजते, डोळ्यांना न दिसणारे नायट्रोजनचे वायू मोजत नाही. आणि ती सहा महिन्यांतून एकदा होते. कायदा ही जमीन आहे, तिच्याखाली जाता येत नाही. तक्वा त्या जमिनीवर बांधायची इमारत आहे. घाटात आरशात मागे पाहून काळा लोट दिसला आणि चालकाने गिअर खाली घेतला, पुढच्या फेरीला फिल्टर उघडून पाहिला, माल नेमका भरला, तर त्या क्षणी तेथे कोणी निरीक्षक नव्हता. एहसान म्हणजे अल्लाह आपल्याला पाहत आहे या जाणिवेने कर्म करणे. दोन तपासण्यांच्या मधल्या सहा महिन्यांत जो आपल्याला पाहतो, त्याच्यासाठी चालवलेली गाडी हीच खऱ्या अर्थाने पास झालेली गाडी होय.

वाचक बंधु-भगिनींनो, ज्यांच्या घरी ट्रक नाही त्यांनीही हा प्रश्न दुसऱ्याचा समजू नये. दुकानदाराचा तराजू, शिक्षकाची हजेरी, ठेकेदाराचे सिमेंट, डॉक्टरचा दाखला, यांतील प्रत्येकाला तपासणीचा एक दिवस असतो आणि मग पुढे सहा महिने असतात. कयामतच्या दिवशी आपले हातपाय आपल्याविषयी बोलतील आणि ही धरतीही आपल्या बातम्या सांगेल, असे कुरआनने आपल्याला कळवले आहे. ज्या धरतीवरून आपली चाके गेली ती बोलू लागेल, तेव्हा खिशातला कागद दाखवण्याची संधी मिळणार नाही.

अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो, आपल्या हातून कोणा अनोळखी बंद्याचा हक्क मारला जाण्यापासून आपले रक्षण करो आणि आपले आत-बाहेर एकसारखे ठेवण्याची तौफीक आपणा सर्वांना देवो. आमीन.